एक्केचाळिसाव्या पोत्यातली माती

१

बटाट्याचं ते पोतं मंचरहून निघालं डिसेंबर २००३च्या पहिल्या आठवड्यात आणि परत आलं एप्रिलअखेर. मधल्या काळात ते अंटार्क्टिकाला जाऊन आलं होतं.

मी ते पुन्हा पाहिलं मार्केट यार्डात, सयाजीशेठ थोरातांच्या गाळ्यावर. चौकशीसाठी पुण्याहून आलेल्या डॉ. मोहिनी पोखरकरांनी ते जाड प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढलं आणि टेबलावर पसरलं. रिकामं पोतं, त्यावर निळ्या शाईत ४१ हा आकडा. शेजारी त्यांनी काचेची एक बाटली ठेवली. बाटलीत चमचाभर तांबडी माती होती.

बाईंचा आवाज बारीक होता आणि त्या घाई करत नव्हत्या. त्यांनी सांगितलेली हकिगत अशी. जानेवारीत तिथल्या आपल्या संशोधन ठाण्यावरच्या आचाऱ्यानं हे पोतं उघडलं. वरच्याच बटाट्यांना माती चिकटलेली होती. त्यानं एक ढेकूळ फोडलं तर आत अळी, आणि ती वळवळत होती. आचारी तिथंच थांबला आणि त्यानं प्रमुखांना बोलावलं. मग साठच्या साठ पोती पिंपांत बंद झाली. स्वयंपाकघराची जमीन तीनदा धुतली, ते पाणीसुद्धा पिंपात भरलं आणि सगळं जहाजानं परत पाठवलं. हिवाळाभर राहणाऱ्या चोवीस माणसांना वर्षभर बटाटा मिळणार नव्हता.

सयाजीशेठ म्हणाले, चिमूटभर मातीसाठी एवढा खटाटोप कशाला?

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी समजावलं की ती जमीन कुणा एका देशाची नाही. सगळ्यांनी मिळून करार केलाय, तिथं काही उकरायचं नाही, काही मागं ठेवायचं नाही, बाहेरचं जिवंत काही न्यायचं नाही. बर्फावर गाड्या ओढणारी कुत्रीसुद्धा दहा वर्षांपूर्वी तिथून काढून नेली. तिथल्या खडकावर शेवाळाचा ठिपका वाढायला माणसाचं आयुष्य जातं. बाहेरची एखादी कीड, एखादं बी रुजलं तर ते परत काढता येत नाही. म्हणूनच मंचरचा बटाटा घेताना धुऊन, पुसून, मातीचा कण नसलेला हवा, अशी अट होती. आता घडला प्रकार करारातल्या सगळ्या देशांना लेखी कळवायचा होता. माती कुठून आली आणि कुणाच्या हातून, हेही त्यात लिहावं लागणार होतं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. मी कुंडलिक भोर, तेव्हा कृषी खात्यात पर्यवेक्षक होतो. साठ पोती तपासायची, शिवून झाल्यावर प्रत्येकाच्या तोंडाला शिशाचं सील लावायचं आणि दाखल्यावर सही करायची, हे माझं काम होतं.

"सगळी सीलं तुम्ही स्वतः लावलीत?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. "साठच्या साठ."

ते खोटं होतं.

२

बाई दोन दिवस त्याच टेबलाशी बसून एकेकाशी बोलत होत्या. मी शेजारी, कारण इथली माणसं माझ्या ओळखीची.

सयाजीशेठनी सगळं सांगितलं. माल सातगाव पठारावरचा, पावसाळी हंगामातला. गाळ्यामागच्या हौदावर आठ बायका तो धूत होत्या. त्या डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या, डोंगरातल्या. भातकापणी उरकली की कामाला खाली येतात आणि काम संपलं की परत जातात. धुतलेला बटाटा टिकत नाही म्हणून तो पंख्याखाली सुकवला, फडक्यानं एकेक पुसला. प्रत्येक बाईनं आपापली पोती भरली. शेठ म्हणाले की त्यांनी आयुष्यात इतका देखणा बटाटा पाहिला नव्हता.

पोती शिवणारा हमाल चिमाजी. पन्नाशीचा, डावखुरा, अबोल. त्यानं पोती शिवली, वजन केलं, गाडीत भरली एवढंच सांगितलं. बोलताना तो पायांकडे बघत होता, पण तो नेहमीच तसा बोलतो.

शेवटी रामनाथ. वारूळवाडीचा, शेठच्या ट्रकवर बारा वर्षं ड्रायव्हर. माल गोव्याच्या बंदरापर्यंत त्यानंच नेला. वाटेत कुणी पोतं उघडलं का, असं बाईंनी विचारलं. तो नाही म्हणाला. कुठं थांबला होतास का? जेवायला, झोपायला थांबलो, म्हणाला.

"वाटेत वेगळं काही घडलं का?"

रामनाथ गप्प झाला. बाहेर कांद्याचा लिलाव चालला होता, त्याचा पुकारा आत ऐकू येत होता. बराच वेळ गेला. मग तो "न्हाई" म्हणाला आणि टोपी हातात घेऊन बाहेर गेला. त्याचं ते गप्प होणं सयाजीशेठनी पाहिली, दाराशी उभ्या असलेल्या दोन हमालांनी पाहिली, मीही पाहिली.

बाईंनी बाटली माझ्यासमोर सरकवली. "तुम्ही मातीतले माणूस. ही कुठली असेल?"

मंचरची जमीन काळी. पठारावरची मुरमाड, करडी. बाटलीतली तांबडी होती, विटेसारखी. मी ती उजेडात धरली, हलवली, पुन्हा धरली.

"कोकणातली," मी म्हणालो. "गोव्याच्या वाटेवर घाट उतरला की सगळी अशीच माती."

संध्याकाळी सयाजीशेठनी रामनाथकडून ट्रकची किल्ली काढून घेतली. चांगला बटाटा वाटेत विकून त्यानं त्या जागी रस्त्यावरचा भरला, असं यार्डात सगळे बोलू लागले. रामनाथनं किल्ली दिली आणि काहीच बोलला नाही. त्यामुळं तर लोकांची खात्रीच पटली.

३

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई माझ्या ऑफिसात आल्या. बरोबर ते पोतं. त्यांनी खिडकीचं दार पूर्ण उघडलं आणि पोत्याचं तोंड उजेडात धरलं.

"मला हा ड्रायव्हर पटत नाही," त्या म्हणाल्या.

का, ते त्यांनी सावकाश सांगितलं. ठाण्यावरच्या आचाऱ्यानं लिहून ठेवलं होतं की मातीचे बटाटे पोत्याच्या अगदी वरच होते, तीनएक किलो. खालचा सगळा माल स्वच्छ. फसवणारा माणूस खराब माल तळाशी घालतो. इथं कुणी काही लपवायचा प्रयत्नच केला नव्हता. शिवाय बंदरावर वजन झालं तेव्हा हे पोतं भरलं बरोबर पन्नास किलो, इतर सगळ्यांसारखं. म्हणजे जेवढं निघालं तेवढंच आत गेलं होतं.

"चोरी करणारा वजन राखत बसत नाही, भोरसाहेब. हे कुणीतरी भरून दिलंय."

मग त्यांनी पोत्याच्या काठावर बोट ठेवलं. सुतळी काढून टाकलेली होती, पण दाभणाची भोकं राहिली होती. एका ओळीच्या खाली दुसरी ओळ. पोतं एकदा शिवलं, उसवलं आणि परत शिवलं होतं. दोन्ही ओळींचा तिरकेपणा एकाच बाजूला होता, उजव्या हातानं शिवणाऱ्याच्या उलट.

"डावखुरा माणूस. दोन्ही वेळा तोच. सील मात्र बंदरावर शाबूत होतं. म्हणजे पोतं उघडलं ते सील लागण्याआधी, इथंच, मंचरात. तेव्हा रामनाथचा ट्रक भरलासुद्धा नव्हता."

त्यांनी पोतं खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"सीलं तुम्ही स्वतः लावलीत. मग उसवून परत शिवलेलं पोतं तुमच्या हाताखालून गेलं असणार. तुम्हांला दिसलं नाही?"

४

त्या दिवशी माझ्या मुलीच्या, समृद्धीच्या, शाळेत गॅदरिंग होतं. ती नाचात होती आणि मी येणार म्हणून आठ दिवस सांगत होती. मी पहिली दहा पोती उघडून पाहिली. दहाही आरशासारखी होती. मग साठही पोत्यांच्या दाखल्यावर सही केली, सीलांची डबी आणि पक्कड चिमाजीच्या हातात दिली आणि तीनच्या एस.टी.नं नारायणगावला गेलो. नाच पाहिला, टाळ्या वाजवल्या. वाटलं, बटाटेच तर आहेत.

हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी वहीत काही लिहिलं नाही.

"आणखी एक," त्या म्हणाल्या. त्यांनी पर्समधून फॅक्सचा कागद काढला. पुण्याच्या प्रयोगशाळेनं कळवलं होतं की त्या मातीत कोळशाचे बारीक कण आहेत आणि माती भाजलेली आहे. "रस्त्यावरची माती कुणी भाजत नाही. तुम्ही अकरा वर्षं या तालुक्यात आहात. ही कोकणातल्या रस्त्यावरची नाही, हे तुम्हांला तेव्हाच कळलं होतं?"

मला कळलं होतं. बाटली हलवताच काळे कण दिसले होते. डोंगरात भाताची रोपं टाकण्याआधी वाफ्यावर पालापाचोळा आणि शेण रचून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. त्या राबांवरून मी दर उन्हाळ्यात हिंडलो आहे, माझ्या बुटांना ती माती लागलेली असायची. मंचरच्या यार्डात अशी माती आणू शकेल अशी माणसं म्हणजे हौदावरच्या त्या आठ बायका. पण चौकशी हौदाकडे वळली असती तर चिमाजीकडे आली असती, आणि चिमाजीकडून माझ्या सीलांकडे. म्हणून मी गोव्याकडे बोट दाखवलं. त्या बोटासमोर रामनाथ उभा होता.

"हो," मी म्हणालो. "कळलं होतं."

बाई उठल्या. माझं काय करायचं ते नंतर बघू, म्हणाल्या. आधी चिमाजीला गाठायला हवं.

चिमाजी हौदाच्या कट्ट्यावर भाकरीचं फडकं सोडून बसला होता. मी त्याला सांगितलं की मी सगळं कबूल केलंय, आता तूही सांग. त्यानं भाकरी परत फडक्यात बांधली.

"सांगतो. तीन दिस जेवान जात न्हाई," तो म्हणाला. "रामनाथची किल्ली घेतली तवा मी तितंच व्हतो. बोललो न्हाई. बोललो आसतो तर ती बाई आडाकली आसती. पन तिनं वाईट नाय केलं, बाई. तिनं परत आनून दिलं व्हतं."

"कोणी?" बाईंनी विचारलं.

"ठमाबाईनं."

५

आहुप्याच्या अलीकडे एका वाडीत ठमाबाईचं घर होतं. जीप डिंभ्याच्या पाण्याला वळसा घालून वर चढली. घरामागं भाजलेल्या वाफ्यांचे तांबडे-काळे पट्टे दिसत होते, आणि परसात एका जुन्या राबाच्या तुकड्यावर बटाट्याचे सुकलेले वेल.

ठमाबाई चाळिशीची, सडसडीत. आम्हांला पाहून तिनं घोंगडी अंथरली. बाईंनी पोत्याचं नाव काढलं आणि ती लगेच बोलू लागली. जणू कुणीतरी विचारील म्हणून ती वाटच पाहत होती.

तिच्या लेकीला बघायला पाहुणे यायचे होते. घरच्या परसातला बटाटा बोराएवढा. हौदावर धुतलेला तो मोठा, पांढरा माल बघून तिला मोह झाला. आपण भरलेल्या पोत्यातून तिनं तीन किलो पदरात बांधले आणि सुट्टीच्या दिवशी घरी आणले. पाहुण्यांना भाजी आवडली. सोयरीक जमली.

"आन मंग मला झोप लागंना," ती म्हणाली. "लेकीचं शुभकार्य चोरीच्या भाजीवं ठरलं. पुढं तिला काय झालं तर ते माझ्यामुळं. म्हनून घरचं बटाटं घेतलं, बारीक व्हतं पन तीन किलो पुरं भरलं, आन शेवटच्या दिशी घेऊन गेले."

ती पोचली तेव्हा हौद रिकामा केलेला होता आणि पोती शिवून झाली होती. तिनं चिमाजीपुढं हात जोडले. त्यानं एक्केचाळीस नंबर उसवलं, बटाटे वर घातले, वजन बघितलं, परत शिवलं आणि सील लावलं. ट्रक लागायची वेळ झाली होती. धुवायला पाणी नव्हतं. परत दिलं, एवढ्या समाधानात ती घरी आली होती.

 माझ्या मनात आलं की हिनं ते बटाटे ठेवून घेतले असते, तर पोतं तीन किलो कमी भरलं असतं, शेठनी दोन शिव्या दिल्या असत्या आणि काहीच झालं नसतं. बाईंच्या मनातही तेच असावं. त्यांनी तिला ते सांगितलं नाही. पण मातीचं काय झालं ते सांगणं भाग होतं. त्यांनी बर्फाबद्दल सांगितलं, कराराबद्दल सांगितलं, तिथं काही न्यायचं नाही आणि तिथलं काही आणायचं नाही हे सांगितलं.

"ती जमीन कुनाची?" ठमाबाईनं विचारलं.

"कुणाचीच नाही. म्हणून सगळ्यांनी राखायची."

ठमाबाईनं मान वळवली. वाडीच्या वर देवराई होती. भर उन्हाळ्यात हिरवी, गर्द. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला आणत नाही.

"म्हंजी आमच्या राईवानी," ती म्हणाली. "आन मी तितं घान धाडली."

बाई घाईनं म्हणाल्या की सगळं वेळेवर सापडलं, सगळं परत आणलं, धुतलेलं पाणीसुद्धा.

"सगळं आलं?"

"आम्हांला कळतं तेवढं सगळं."

ते उत्तर तिला पुरलं नाही. राईतली फांदी कुणी तोडली तर इथं राईच्या तोंडाशी नारळ ठेवून चूक कबूल करतात, असं तिनं सांगितलं. मग तिनं विचारलं, "तितं मानूस जानारं आसंल तर त्याच्या हाती नारळ धाडता यील का?"

बाईंना नाही म्हणावं लागलं. नारळही तिथं नेता येत नाही, हे सांगताना त्यांचा आवाज आणखी बारीक झाला. ठमाबाई खाली बघत घोंगडीची दशी ओढत राहिली. आम्ही निघालो तेव्हा ती तशीच बसलेली होती.

उतारावर बाई म्हणाल्या की अहवालात ठमाबाईचं नाव येणार नाही, एक कामगार एवढंच. चिमाजीचंही नाही. "सील लावायला अधिकारी हजर असता तर हे पोतं गेलं नसतं. मी एवढंच लिहीन. तुमचं नाव लिहावं लागेल."

मी म्हणालो, लिहा.

६

दुसऱ्या दिवशी मी माझा जबाब नव्यानं लिहून दिला. मग एम-एटी काढली आणि वारूळवाडीला गेलो. रामनाथ घरी नव्हता. त्याची बायको सखूबाई माझ्याशी दारातूनच बोलली. तो येडगावला होता, धरणाच्या कडेला एका मळ्यात मोटर राखायला.

तो मला पंपाच्या खोलीपाशी भेटला. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. सीलं, गॅदरिंग, माती, गोवा. ठमाबाईचं नाव मात्र सांगितलं नाही. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

"मंग ते माझ्यामुळं न्हाई झालं?" तो म्हणाला.

मला कळेना. मग त्यानं सांगितलं की घाटाखाली टायर बदलताना एक पोतं खाली घसरलं होतं, तांबड्या मातीत पडलं होतं. त्यानं आपल्या टॉवेलनं पुसून ते परत चढवलं. नंबर बघितला नाही. बाईंनी वाटेत काही घडलं का विचारलं, तेव्हा त्याला ते आठवलं आणि जीभ उचलेना. पोत्याच्या विणीतून माती आत गेली असणार, चोवीस माणसं आपल्यामुळं उपाशी राहिली, असं तो धरून बसला होता. म्हणूनच लोक चोर म्हणाले तेही त्यानं सोसलं. चोरी केली नव्हती, पण आपली चूक आहे असं त्याला वाटत होतं.

तो पंपाच्या कट्ट्यावर बसला. दोन्ही तळहातांनी त्यानं तोंड पुसलं. मी वाट बघत होतो की आता तो उठेल, मला शिव्या देईल, निदान गचांडी धरील. मला ते हवं होतं. त्यानं विचारलं, "च्या घेनार का?"

मी नको म्हणालो. साहेबांना कळवलंय, शेठनाही पत्र जाईल, तुझं नाव कागदावर स्वच्छ होईल, असं काहीबाही बोलत राहिलो.

"कागद ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "मला चोर म्हनले ते यार्डात, तोंडावं. तितं चला."

आम्ही माझ्या गाडीवर निघालो, तो मागं. हायवेवर ट्रकांची रांग होती. नारायणगाव, कळंब, मंचर, तासभर लागला.

यार्डात कांद्याचा लिलाव नुकताच संपला होता. हमाल पोत्यांवर टेकले होते, अडते गाळ्यांच्या दारात होते. सयाजीशेठ बाहेर आले. चिमाजी हातातलं दाभण खाली ठेवून उभा राहिला. मी मधोमध गेलो आणि बोललो. सीलं मी लावली नव्हती. माती मी ओळखली होती. रामनाथचं नाव पुढं आलं ते माझ्या खोट्यामुळं. त्यानं काही केलेलं नाही. माझी नजर जमिनीवर होती. तिथं कांद्याची सालं पडलेली होती, ती मला अजून दिसतात.

माझं बोलणं संपलं.  पुढं मला सहा महिने निलंबित केलं, मग बदली झाली, ते सगळं यथासांग झालं. पण त्या क्षणी मला वाटलं की संपलं, आता निघावं.

रामनाथ माझ्या शेजारी उभा होता. त्यानं टोपी नीट केली आणि साध्या आवाजात म्हणाला, "मागच्यांना ऐकू गेलं न्हाई, साहेब. परत सांगा."

मी मान वर केली आणि परत सांगितलं.